सहा कोळणी, तीन दिवस

५ जानेवारी १८९५, शनिवार

हेडमास्तरांनी लोढणं बांधलं गळ्यात! तेवीस फेब्रुवारीला शाळेचा बक्षीससमारंभ. त्यात मी निबंध वाचायचा — 'शाळेतील गणिताचा निरनिराळ्या धंद्यांस उपयोग'. का, तर पालक कुरकुरतात. साडेतीनची औटकी कशाला, त्रैराशिक कशाला, पोरगं कुठेतरी चिकटलं म्हणजे झालं! "गोगटे, एकवीस वर्षं गणित शिकवताय. तुम्हीच सांगा लोकांना."

सांगतो की! मी काय घाबरतो? जुन्या विद्यार्थ्यांना गाठीन, कोणाला कशाचा उपयोग झाला ते विचारीन. दर रविवारी एक. आणि शेवट तर तयारच आहे — धोंडूचं बोंबलाचं गणित. मंडप हसून हसून खाली येईल.

६ जानेवारी, रविवार

ते गणित इथे नीट उतरवून ठेवतो, म्हणजे निबंधात तसंच घालता येईल.

चौदा वर्षांपूर्वी मी वरळीच्या शाळेत होतो, दोन वर्षं. सगळी पोरं कोळ्यांची. आंब्यांची नि घोड्यांची गणितं त्यांना कशी रुचणार? म्हणून मी मुद्दाम मासळीचं रचलं — 'सहा कोळणी काही बोंबील तीन दिवसांत वाळवितात. तर अठरा कोळणी तेच बोंबील किती दिवसांत वाळवितील?' सरळ व्यस्त त्रैराशिक. माणसं तिप्पट, दिवस एकतृतीयांश. उत्तर एक. सगळ्या वर्गाने पाटीवर 'एक' लिहिलं. धोंडू म्हणून एक पोर होता, वाऱ्याला म्हणून नेहमी खिडकीपाशी बसणारा. त्याने लिहिलं 'तीन'!

"का रे, तीन का?" म्हणून विचारलं, तर खांबासारखा उभा. तसा तो नेहमीचाच. उत्तरं बहुतेक बरोबर यायची, पण रीत विचारली की दातखीळ. मी म्हटलं, "बारा जास्तीच्या कोळणी काय गप्पा मारायला बोलावल्या का रे?" वर्ग हसला. दोन छड्या दिल्या. पुढल्या आठवड्यात त्याने शाळा सोडली.

गिरगावात आल्यापासून दर वर्षी त्रैराशिक सुरू करताना हा किस्सा सांगतो. मठ्ठ पोराला आमच्या वर्गात 'तीन दिवस' म्हणतात. दर वर्षी तेवढाच हशा पिकतो.

८ जानेवारी, मंगळवार

हिने मुलींच्या शाळेचा अर्ज आणून ठेवला पुढ्यात. आमच्या नलूसाठी. वरच्या इयत्तेचा नवा वर्ग निघतोय, त्यात गणित आहे, भूमितीही आहे. अर्ज द्यायची मुदत अठ्ठावीस फेब्रुवारी.

मी नाही म्हटलं. नऊ वर्षांची झाली, लिहितावाचता येतं, पाव-अर्ध्याचे पाढे, पावकी-निमकी येते. बास झालं! औटकी घेऊन काय वरणात घालायची आहे? धंदा का करायचाय तिला?

हिने अर्ज फाडला नाही. घड्याळामागे खोचून ठेवला — मला रोज वेळ बघताना दिसेल असा. बायका!

१३ जानेवारी, रविवार

काल संक्रांत झाली. तिळगूळ द्यायच्या निमित्ताने दौलतकडे गेलो. माझा सर्वांत हुशार विद्यार्थी. भूमितीत पहिला, सिद्धान्त तोंडपाठ. आता गोदीच्या कचेरीत आहे.

"बोल बाबा, भूमितीचा काय उपयोग झाला?"

बराच वेळ विचार केला बिचाऱ्याने. मग म्हणाला, "मास्तर, दिवसभर गठड्यांचे नंबर एका वहीतून दुसऱ्या वहीत उतरवतो. दहा वर्षं झाली. कोनाचा दुभाजक अजून कोणी मागितला नाही."

हे काय निबंधात घालायचं? तिळगूळ तेवढा गोड लागला.

२० जानेवारी, रविवार

आज मात्र दिवस सोन्याचा!

कुशाबा — माझ्याकडे चौथीपर्यंत होता, पाढ्यांत रडायचा. आता परळला एका गिरणीत मागखात्यात जॉबर, म्हणजे मुकादम, आहे. रविवार असल्याने यंत्रं बंद, साफसफाई चाललेली. मला आत घेऊन गेला. तेलाचा वास, कापसाची धूळ, शिंका देऊन देऊन मी बेजार. त्याने मागाच्या बाजूचं एक दातेरी चाक काढून माझ्या हातात ठेवलं.

"मोजा मास्तर. दात किती?"

चाळीस. या चाकावर कापडाचा घट्टपणा ठरतो म्हणे. चाळीस दात असले की इंचात अठ्ठेचाळीस आडवे धागे बसतात. "आता साहेब आला, म्हणाला, इंचात साठ धागे पाहिजेत. चाक किती दातांचं चढवाल?"

मी लगेच म्हटलं, पन्नास! धागे जास्त तर दात जास्त.

कुशाबा असा हसला की मागाला टेकून उभा राहिला. "मी बी तेच केलं व्हतं मास्तर, पहिल्या वर्षी! मोठं चाक कापड भराभर ओढतं. जास्त दात म्हंजे धागे कमी! चांगलं थानभर कापड निघालं, त्यातनं पीठ चाळावं असं. साहेबानं ते माझ्याच डोक्याला गुंडाळलं." मग गंभीर झाला. "त्या संध्याकाळी घरी बसलो, आन तुमची छडी आठवली. 'आधी विचार कर गाढवा, एक वाढलं की दुसरं वाढतं का घटतं? मग मांड.' व्यस्त मांडलं. बत्तीस दात. आजपावतर पुन्हा चाळणी निघाली न्हाय."

बत्तीस! मी तिथेच बोटांवर करून पाहिलं. चाळीस गुणिले अठ्ठेचाळीस, भागिले साठ. बत्तीसच.

मी शिकवलेलं त्याला आठवलं आणि मला नाही! पण राग आला नाही. उलट लालबागपर्यंत चालत आलो तो एकटाच हसत. लोक बघत होते. बघोत!

२१ जानेवारी, सोमवार

वर्गात कुशाबाचं चाळणीचं कापड सांगितलं. त्रैराशिकाच्या तासाला एकानेही जांभई दिली नाही. एकवीस वर्षांत पहिल्यांदा.

२७ जानेवारी, रविवार

आज कुठे गेलो नाही. कोपऱ्यावर नवी चाळ उठतेय, तिथे गवंड्यापाशी जाऊन उभा राहिलो. त्याने सुतळीला तीन हातांवर गाठ मारली, पुढे चार हातांवर, पुढे पाच हातांवर, आणि तिन्ही खुंट्यांना ताणली. पायाचा कोपरा चोख! मी म्हटलं, "अहो, कर्णावरचा वर्ग बरोबर दोन बाजूंवरच्या वर्गांची बेरीज! याला काय म्हणतात माहीत आहे?"

"माहीत हाय की," तो म्हणाला. "याला कोपरा म्हनत्यात. जरा बाजूला व्हा, सुतळीवर पाय पडतोय."

निबंधात घालतो. पायाचं सोडून.

३ फेब्रुवारी, रविवार

निबंध झाला. कुशाबा, गवंडी, शेवटी धोंडू. आणि तात्पर्य — 'यास्तव पुरुषांच्या सर्व धंद्यांस गणित आवश्यक असून, मुलींस गृहकृत्यापुरती पावकी-निमकी पुरेशी होय.' वाक्य चांगलं उतरलं आहे, वजनदार.

दुपारी हिला वाचून दाखवला. ही तांदूळ निवडत बसली होती. कुशाबाला हसली. गवंड्याला हसली. धोंडूचं गणित आलं — मी थांबलो, हसायला जागा दिली. ही हसली नाही. सूप खाली ठेवलं.

"मग त्याचं चुकलं काय?"

"काय चुकलं म्हणजे? अठरा कोळणी —"

"गेल्या वैशाखात मी दोनशे पापड लाटले. शेजारच्या सहाजणी मदतीला आल्या. लाटायचं काम तासाभरात उरकलं, हो. पण वाळायला दोन दिवस लागायचे ते दोन दिवसच लागले ना? का सहाजणी आल्या म्हणून ऊन सहापट पडलं?"

मी म्हटलं, पापड वेगळे आणि बोंबील वेगळे.

"असतील बाई," म्हणाली, आणि पुन्हा तांदूळ निवडायला लागली. आत दारामागे नलू खिदळली. मी ऐकलं.

४ फेब्रुवारी, सोमवार

पापड वेगळे. बोंबील वेगळे. बोंबलाचं काही तरी निराळं असणार.

७ फेब्रुवारी, गुरुवार

कोणाला विचारावं? आमच्या आळीत बोंबील कोणी पाहिलेला नाही. निदान पाहिला असं कोणी कबूल करणार नाही!

१० फेब्रुवारी, रविवार

वरळीला जाऊन आलो.

दोन वर्षं तिथे नोकरी केली, पण कोळीवाड्यात पाऊल टाकलं नव्हतं. शाळा रस्त्यावर, मी रस्त्याने यायचो, रस्त्याने जायचो, नाकाला उपरणं लावून. आज आत गेलो. गल्ली इतकी अरुंद की समोरून पाटी घेतलेली बाई आली तर एकाने भिंतीला चिकटावं. पलीकडे समुद्र, आणि वाळूवर बांबू रोवून त्यांवर दोऱ्याच दोऱ्या ताणलेल्या. हिलाच वलांडी म्हणतात. दोन बोंबील घ्यायचे, एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा, आणि जोडी दोरीवर टाकायची. दोऱ्यांवर हजारो जोड्या, तोंडं एकमेकांत, शेपट्या खाली. उपरणं नाकाला लावायचं विसरलो.

धोंडूचं घर विचारलं. तो आता स्वतःच्या होडीवर तांडेल आहे, माणसं घेऊन समुद्रावर गेलेला. पण त्याची बहीण वलांडीपाशी होती — तुळसा. पंचविशीतली असेल. कमरेला लुगडं खोचलेलं, हात कोपरापर्यंत ओले, पाच-सहा बायकांवर हुकूम चाललेला. मला बघून जरा थबकली.

"अगो बाय! तुमी आमच्या धोंड्याचे मास्तर ना?"

चौदा वर्षांनी ओळखलं! मी आढेवेढे घेतले नाहीत. सरळ विचारलं. सहा कोळणींना तीन दिवस लागतात, तर अठरा कोळणींना किती?

ती माझ्याकडे बघतच राहिली. मग अशी हसली की बाकीच्या बायकांनी हातातलं काम टाकलं. "मास्तर, अठरा काय, अख्खा कोळीवाडा उभा करा! बायका बोंबील टांगतात. वालवतं ते ऊन. आन ऊन एकच हाय!"

तीन दिवस. थंडी-वारा बरा असला तर तीन, मळभ आलं तर चार. सहाजणी असोत की साठ.

मी वाळूवरच बसलो. तिने पाणी विचारलं, मी घेतलं. घरी सांगायची सोय नाही, पण इथे लिहितो — घेतलं, आणि गोड लागलं.

तेवढ्यात एक बाई विचारत आली, चौदा वाव दोरीला किती माल लागेल? दोन्ही हात पसरले की एक वाव; कोडी म्हणजे वीस. तुळसाने दोरीकडे बघितलंही नाही. "वावाला औट कोडी जोड्या. चौदा औट एकोणपन्नास. एकोणपन्नास कोडी आन."

औट! साडेतीन! मी उडालोच. "औटकी कोणी शिकवली गो तुला?"

"शालेनं."

"कुठल्या शाळेने?"

"तुमच्याच," म्हणाली, आणि हसत बोंबील टांगायला लागली. धोंडूने घरी शिकवली असणार. शाबास धोंडू! मी छड्या दिल्या, आणि त्याने बहिणीला औटकी दिली.

निरोप ठेवला — तेवीस तारखेला शाळेत ये, किंवा जमेल तेव्हा घरी ये. मास्तरांना तुझी माफी मागायची आहे.

११ फेब्रुवारी, सोमवार

चौदा वर्षं! दर वर्षी चाळीस पोरं हसवली. पाचशेसाठ पोरं. आणि एवढ्यांत बरोबर कोण होतं, तर ज्याला हसलो तो.

हिला सांगितलं, पापडाचं तुझं बरोबर होतं. ही म्हणाली, "जेवायला चला, भात निवतोय." बाकी काही नाही. पण ताटात तूप जास्त होतं.

१७ फेब्रुवारी, रविवार

निबंधाचा शेवट पुन्हा लिहिला. लिहिताना हात जड होईल वाटलं होतं, पण भराभर उतरला. मन कसं हलकं आहे.

सकाळी शिकवणीची दोन पोरं आली होती ओटीवर. औटकी चाललेली. सतराला दोघेही अडले. सतरा औट... सतरा औट... आणि माजघराच्या दारामागून कोणीतरी हळूच म्हणालं — "साडेएकोणसाठ."

नलू! रागावलो मी. दारामागे उभं राहून कान लांब करायचे नाहीत म्हणून सांगितलं. पोरं फिदीफिदी हसत होती.

उत्तर बरोबर होतं म्हणा.

२३ फेब्रुवारी, शनिवार

झाला समारंभ!

कुशाबा पहिल्या रांगेत, फेटा बांधून, बायकोला घेऊन आला होता. चाकाची गोष्ट वाचली तेव्हा लोकांनी मागे वळून वळून त्याच्याकडे पाहिलं, आणि तो लाजून फेटा सारखा करत बसला. मग मी शेवटावर आलो. म्हटलं, आता एका मठ्ठ माणसाची गोष्ट सांगतो. पोरांना वाटलं नेहमीचंच, आधीच हसू लागली. मी म्हटलं, तो मठ्ठ माणूस म्हणजे मी.

सगळं सांगितलं. दोन वर्षं वरळीत शिकवून बोंबील कसा वाळतो ते पाहिलं नाही. रीत बरोबर होती, जग चुकीचं धरलं होतं. धोंडू नावाच्या मुलाने गणित करण्याआधी विचार केला, आणि त्याबद्दल मी त्याला दोन छड्या दिल्या. मग मागून कुणीतरी टाळी वाजवली, आणि मग सगळेच. हेडमास्तर म्हणाले, "गोगटे, पालक खूश आहेत." म्हणजे तेही खूश!

धोंडू आला नाही. समुद्रावर असेल. वाट पाहिली थोडा वेळ.

घरी आलो. हिला सगळं आधीच कळलेलं, शेजारणी सांगून गेलेल्या. हिने फक्त घड्याळाकडे पाहिलं. वेळ बघायला नव्हे.

मी म्हटलं, हे बघ, मी चुकलो ते धोंडूच्या बाबतीत. धोंडू मुलगा. त्याला धंदा आहे, होडी आहे. त्याचा नि नलूचा काय संबंध? एक चूक कबूल केली म्हणजे सगळंच कबूल केलं असं होत नाही.

'मुलींस पावकी-निमकी पुरेशी' हे वाक्य मी तसंच ठेवलं होतं. वाचलंही. त्यावरही टाळ्या पडल्या.

२६ फेब्रुवारी, मंगळवार

नलू दोन दिवस गप्प आहे. रांगोळीसुद्धा वाकडी काढते. ही मात्र नेहमीसारखी. अर्ज तिथेच.

२८ फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी आठाला धोंडू आला. रुंद छातीचा गडी झालाय. बामणाच्या घरी मासळी कशी आणू म्हणून दोन नारळ घेऊन आला. मी उठून उभा राहिलो, म्हटलं, "धोंडू, तुझं उत्तर बरोबर होतं. मी चुकलो." तो ओशाळा होऊन पागोटं चाचपत राहिला.

"मास्तर, सगल्या गावानं सांगितलं मना, तुमी काय बोललात ते. म्हनून आलो. खोटं पचत नाय. ते तीन माझं नव्हतं. मना गनित कधी आलंच नाय. तुलसा रोज खिडकीबाहेर बसायची, धाकट्याला कडेवर घेऊन. तुमचं सगलं ऐकायची. ती बोटं दाखवायची, मी पाटीवर लिहायचो. त्या दिवशी तिनं तीन बोटं दाखवली. का, ते मना ठाव असतं तर मार खाल्ला असता का?"

दारामागे नलूच्या बांगड्या वाजल्या.

घड्याळामागचा अर्ज काढून भरला. घाईत अक्षर वाईट आलंय. मुलींची शाळा अकराला उघडते. नलूला घेऊन निघतो आहे. माझा वर्ग आज उशिरा भरेल. भरू दे!